पडला तो पडला

मोबाइल गेमची फायनल रत्नागिरीत होती. राजापूरच्या टीमपैकी दर्शना धरून तिघंच हॉलवर पोचले होते. चौथा, रितेश, नाटे गावाहून निघालेला. त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. कॅप्टन दर्शना काही त्यावर हळहळत बसली नाही. गेममध्येही तिचा नियम हाच होता: गोळी लागून पडला तो पडला, मागे वळायचं नाही. समोरच्या चिपळूणकरांचं नेमकं उलट. त्यांचा एक पडला की बाकीचे तिघंही त्याला उचलायला धावायचे. आज त्यांना तिथेच गाठायचं, असा बेत तिने पक्का केला होता.

"आम्ही तिघं खेळतो," तिने आयोजकांना सांगितलं. "करा सुरू."

"नको," चिपळूणचा कॅप्टन अमरदीप म्हणाला. "त्यांचा चौथा येऊ दे. आम्ही थांबतो."

"खुळेच आहेत," टीममधला प्रथमेश दर्शनाच्या कानाशी पुटपुटला.

बऱ्याच वेळाने रितेश धापा टाकत आत आला. मॅच अजून सुरूच झालेली नाही हे बघून तो दारातच उभा राहिला.

"माझ्यासाठी थांबलात?" त्याने दर्शनाला विचारलं. "आपला नियम मोडून?"

दर्शनाने समोर बघितलं. अमरदीपने हेडफोन कानांवर चढवले.

"होय, थांबलो," ती म्हणाली. "बस लवकर. आणि आज पडलास ना, तर मागे येऊ. तिघंही."