लिटराक एक चमचो

"माशाक मीठ लावूक तू माका शिकवतंस गो?" सुगंधाने फोनवर सुनेला विचारलं.

"लावूचा नाय आई, पाण्यात घालूचा आसा," स्वप्ना म्हणाली. "आधी तेका वेगळ्या टोपात काढा, नायतर बाकीच्या दोघांकय लागात. टाकीतलाच पाणी घेवा. लिटराक एक चमचो खडेमीठ."

चार दिवसांसाठी म्हणून स्वप्ना संध्याकाळी कणकवलीकडे माहेरी गेली, आणि दुसऱ्याच सकाळी तिच्या काचेच्या टाकीतला नारिंगी मासा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. अंगभर पांढरे ठिपके. लग्न होऊन आली तेव्हा ती हे तीन मासे बरणीत घालून मांडीवर घेऊन आली होती. हा त्यातला सगळ्यात जुना.

"मगे समुद्राचाच पाणी हाडतंय," सुगंधा म्हणाली. "समोरच आसा."

"नको, आई. गोड्या पाण्यातलो तो. मरतलो." स्वप्नाचा आवाज बारीक झाला. "आई, तुमच्यान जमात ना?"

चाळीस वर्षं तोंडवलीत दारोदार मासे विकणाऱ्या सुगंधाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिने फोन ठेवला.

घरात एवढा मोठा टोप एकच होता, माशाचं तिखलं करायचा. तो तिने काथ्याने घासला, वास घेतला, पुन्हा घासला. पर्यटकांनी टाकलेली लिटरची बाटली घेऊन टाकीतलं पाणी मोजून ओतलं. सात बाटल्या, सात चमचे. मीठ विरघळेपर्यंत ढवळलं आणि सवयीने चाखून पाहिलं. तिला ते अळणी लागलं. तरी तिने वर चिमूटभरही घातलं नाही.

मग मासा उचलायचा होता. आयुष्यभर तिने मासा उचलला तो कल्ल्यात बोट घालून. तो हात टाकीवर थबकला. शेवटी तिने एक वाटी पाण्यात बुडवली आणि मासा आपणहून आत येईपर्यंत तशीच उभी राहिली. त्याला बराच वेळ लागला.

दुपारी होडीवरून आलेला स्वप्नाचा नवरा चंदन जेवायला बसला. पानात नुसती डाळ बघून त्याने आईकडे पाहिलं, आईने टोपाकडे.

"मेलो तर तसलोच दुसरो मालवणात गावता," चंदन म्हणाला. "हाडून टाकीत सोडूया. तिका काय कळता?"

"शंभर बांगड्यांत माझो बांगडो माका कळता. तिका चार वर्सा पोसलेलो कळाचो नाय? गप जेव."

पुढचे दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ थोडं पाणी काढायची, तेवढंच नवं मोजून घालायची. मासा तळाशी बसून होता. ठिपके तसेच होते. खाण्याचे दाणे पाण्यावर तरंगून फुगायचे आणि ती ते चमच्याने काढून टाकायची.

तिसऱ्या दिवशी शेजारचे दत्तप्रसाद आपल्या होमस्टेच्या पाहुण्यांसाठी मासे न्यायला आले. पाटीत बांगडे होते. दत्तप्रसाद मात्र टोपात डोकावले.

"ह्यो खंयचो, काकी? ताजो दिसता."

"ताजो खंयचो. तीन दिस बरो नाय तो."

आपण काय बोललो ते सुगंधाला नंतर कळलं. आपल्याकडचा मासा ताजा नाही असं तिने गिऱ्हाइकाला आजवर सांगितलं नव्हतं, पावसाळ्यातसुद्धा. दत्तप्रसादही जरा गोंधळले.

"खावक कसो?"

"तोच काय खाणा नाय," सुगंधा म्हणाली.

दत्तप्रसादांनी सहा बांगडे निवडले आणि साफ करून मागितले. सुगंधाने बांगडे उचलले, सुरी उचलली आणि ती मागच्या दाराकडे निघाली.

"हंयच करा की. माका घाई आसा."

"ह्येच्यासमोर नको."

दत्तप्रसाद मागीलदारी जाऊन उभे राहिले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी टोपाचं झाकण काढलं तर मासा वर आला होता. शेपटीजवळचे दोन सोडले तर ठिपके गेले होते. सुगंधाने एक दाणा टाकला. तो एक फेरी मारून आला, दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. तिने आणखी एक टाकला, तोही गेला. मग तिने पदराला हात पुसून फोन लावला.

"खाल्ल्यान," ती म्हणाली.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"उद्या सकाळच्या एश्टीन येतंय, आई."

चार दिवसांवर पाचवा दिवस लावायचा नाही, असं सुनेला बजावून पाठवणारी सुगंधाच होती.

"इतकी घाई कित्याक?" ती आता म्हणाली. "आवशीकडे ऱ्हव आणखी आठ दिस."

"पण तेका टाकीत सोडूक व्हयो मा?"

"आजच उठलो हा तो. तेका आता जाग्यावरसून हलवूचा नाय," सुगंधाने ठामपणे सांगितलं आणि फोन ठेवला. मग तिने टोप दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी जराही हिंदकळू न देता, पावलं मोजत, आपल्या बाजेच्या उशाशी नेऊन ठेवला.