एकशे चाळिसावी सही

"सही मी करणार नाही," बटणवाले म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते बिल्डरसाहेबांच्या खिशात परत खोचलं.

ही तिसरी खेप होती. तीस वर्षांपूर्वी शहरातला पहिला मॉल म्हणून उभी राहिलेली ती इमारत हातपाय पसरत गेली होती. आधी वर सिनेमागृह चढलं, मग मागे पार्किंग, मग रस्त्यापलीकडे दुसरा भाग आणि दोघांना जोडणारा पूल. आता सगळं पाडून दुप्पट मोठा मॉल बांधायचा होता. त्यासाठी जुन्या एकशे चाळीस दुकानदारांची संमती हवी होती. एकशे एकोणचाळीस जणांनी कागद न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. पहिल्या मजल्यावर बटणं, झिपा आणि लेस विकणारे हे एक गृहस्थ तेवढे अडून बसले होते. आणि नव्या मॉलचे नकाशे साहेबांच्या ऑफिसात जिच्या टेबलावर तयार होत होते, ती आर्किटेक्ट त्यांची सख्खी सून होती.

"या वेळी काय अडलं?" साहेबांनी विचारलं.

"उजेड. मधलं काचेचं छप्पर काढून तिथे तुम्ही आणखी दुकानं कोंबलीत. दिव्याखाली माझं निळं बटण काळं दिसतं. गिऱ्हाईक ते घरी नेऊन शर्टाला लावतं आणि दुसऱ्या दिवशी मला शिव्या द्यायला येतं. वरून ऊन आलं पाहिजे."

साहेबांनी सोबत आणलेल्या त्या सुनेकडे पाहिलं. ती फरशीकडे पाहत होती.

"घरातला एक माणूस तुम्हाला समजावता येत नाही?"

"सर, ते घरी माझ्याशी बोलत नाहीत."

साहेबांना हे ठाऊक होतं. या अबोल्याचे सगळे चटके बसत होते ते तिच्या नवऱ्याला, म्हणजे बटणवाल्यांच्या मुलाला. तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि घरी यावं तर तिथे कोणी तोंड उघडायला तयार नाही.

"तुझ्या बाबांना म्हणावं, मीठ इकडे द्या," बायको म्हणायची. मीठ बाबांच्या हाताशी असायचं आणि बाबा तिच्या समोर.

"तुझ्या बायकोला म्हणावं, घरात मीठ कुठे ठेवायचं त्याचाही एक नकाशा काढ," बाबा म्हणायचे.

डॉक्टर हात लांब करून मीठ उचलायचा, बायकोपुढे ठेवायचा आणि आपलं ताट तसंच टाकून उठायचा. दोन महिन्यांत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला.

त्यातच साहेबांची दाढ ठणकायला लागली. रूट कॅनल निघालं. आठवड्यातून एकदा साहेब डॉक्टरच्या खुर्चीत आडवे व्हायचे आणि तोंडात नळी जायच्या आत विचारून घ्यायचे, "घरी काही हलतंय का?"

"कुठलं काय, साहेब. काल बाबा तिच्याकडे पाठ करून जेवले."

डॉक्टरचं पडलेलं तोंड पाहून साहेबांना आपल्या दाढेचा विसर पडायचा. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन म्हणायचे, "म्हातारा काही ऐकणार नाही. काय हवंय ते देऊन टाका. आधीच उशीर झालाय."

असं करत करत नकाशा बदलत गेला. मजल्याच्या एका टोकाला एकच स्वच्छतागृह होतं, ते चार ठिकाणी झालं, कारण हातात पिशव्या आणि कडेवर पोर घेऊन बाईमाणसाने तेवढं चालायचं कसं, असं बटणवाल्यांनी विचारलं होतं. जागोजाग बाकं आली. पाय दुखले की गिऱ्हाईक बटणं न घेताच घरची वाट धरतं, हा त्यांचा मुद्दा. काचेचं छप्परही परत आलं. चौथ्या खेपेला ते म्हणाले, की छोट्या दुकानदारांना तळघरात ढकलायचं नाही. बसमधून उतरलेला माणूस सरळ त्यांच्या दारात आला पाहिजे. यावर साहेब दोन दिवस नुसते धुमसत होते. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावर छोट्या दुकानांची एक अख्खी गल्ली आखली गेली आणि बटणवाल्यांनी सही केली. बाकीच्या दुकानदारांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

त्या संध्याकाळी डॉक्टर केक घेऊन घरी आला. बाबांना आणि बायकोला त्याने टेबलाशी समोरासमोर बसवलं. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं.

"झालं गेलं विसरायचं. बाबा, ती तिचं काम करत होती. आणि तू, ते माझे बाबा आहेत. एकमेकांची माफी मागा, मग केक कापू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबांच्या मिशा थरथरायला लागल्या. बायकोने रुमाल तोंडाला लावला. पुढच्या क्षणी दोघं हसत सुटली, इतकी की बाबांना ठसका लागला आणि तिने उठून त्यांची पाठ चोळली.

"म्हणजे तुमचं भांडण नव्हतं?"

"भांडायला वेळ कुठे होता," बाबा डोळे पुसत म्हणाले. "रोज दुपारी ही दुकानात यायची आणि पुढचा आक्षेप माझ्याकडून पाठ करून घ्यायची. निळ्या बटणाचं तेवढं माझं स्वतःचं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तुला खोटं बोलता येत नाही रे. साहेब दर आठवड्याला तुझ्या खुर्चीत. तुझा चेहरा बघितला नसता तर त्यांना आमचं भांडण पटलं असतं का?"

डॉक्टर केकचा खोका उघडायला लागला. मग बायकोला म्हणाला, "पण हे सगळं तू सरळ साहेबांनाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पाच वेळा सांगितलं," सुरी उचलत ती म्हणाली. "शेवटी म्हणाले, असल्या कल्पना घरी जाऊन सांगा. मग घरी येऊन सांगितल्या."