उद्घाटनाची गोळी

वडिवळ्याच्या पिस्तूल नेमबाजी क्लबची पहिलीच स्पर्धा होती आणि उद्घाटनाची गोळी झाडायला गावचे पुढारी केरबाआबा आले होते. क्लब चालवणाऱ्या सुहासनं भरलेलं पिस्तूल त्यांच्या हातात देताना पुन्हा पुन्हा बजावलं, "आबा, काहीही झालं तरी नळी समोरच्या मातीच्या ढिगाकडंच ठेवा."

"कळतंय रं मला," आबा म्हणाले.

तेवढ्यात मागून फोटोग्राफर ओरडला, "आबा, हिकडं बघा!"

आबा हसतमुखानं मागं वळले. त्यांच्याबरोबर पिस्तूलही वळलं. सुहाससकट मागच्या मांडवात बसलेले सगळे लोक क्षणात जमिनीवर पालथे पडले.



आबांना गहिवरून आलं. आशीर्वादासाठी पिस्तुलासकट हात पुढं करत ते म्हणाले, "उठा रं पोरांनो, येवढं पाया पडायची काय बी गरज न्हाई!"