सारजासाठी पुस्तक

इंदापूरच्या आठवडे बाजारात रामहरीनं पोत्यावर नव्या चित्रकथा मांडल्या होत्या. त्याच महिन्यात पुण्याहून आलेल्या. पानावर चार चौकटी, चौकटीत चित्र आणि खाली एकच ओळ. अक्षर न येणारा माणूसही चित्रांवरून गोष्ट लावायचा, म्हणून त्या खपायच्या. कुणाला कोणती द्यावी हे रामहरी चेहरा बघून सांगे. तालमीतल्या गड्यांना राक्षसाची, सासरी निघालेलीला बहीणभावाची. "घ्या, शेवट गोड हाय," एवढंच तो म्हणे.

दुपारी बावड्याचे एक शेतकरी, हिंदुराव, समोर येऊन उभे राहिले. मागं त्यांची लेक सारजा, विशीतली. कपाळावर ठसठशीत कुंकू, मनगटं मात्र मोकळी.

हिंदुरावांनी पुस्तकांवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "तात्या, मानूस मरतो आन परत येत न्हाय, आसं एखादं हाय का ह्यात?"

असलं पुस्तक रामहरीकडं आजवर कुणी मागितलं नव्हतं.

मग हिंदुरावांनी सांगितलं. सारजा जन्मापासून बहिरी आणि मुकी. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. तिथंच वारला, तिथंच त्याला अग्नी दिला. हिनं काहीच पाहिलं नाही. दोन महिने सगळे खुणांनी सांगून थकले. मसणवट्याकडं बोट दाखवलं, तर आळीतलं कोण म्हातारं गेलं, असं तीच खुणेनं विचारी. बांगड्या फोडल्या तेव्हा तिला वाटलं, आपल्या हातून काही वावगं घडलं. सासू रोज कुंकू पुसायची, ती रोज लावायची.

रामहरीनं सगळी पुस्तकं मनातल्या मनात चाळली. मरणारे पुष्कळ होते, पण सगळेच उठत होते. कुणाला देव उठवी, कुणाला साधू. लोकांना तसंच लागे, आणि तोही निवडून तशीच आणी. शेवटी त्यानं एक उचललं. त्यात तरणा शिलेदार दूरदेशी जातो, तापानं मरतो, चितेवर जळतो; घरी बायको वाट बघते. शेवटच्या पानावर साधू राखेवर पाणी शिंपडतो आणि शिलेदार उभा राहतो.

"हेच द्या तिला," रामहरी म्हणाला. "पर जरा थांबा." त्यानं सारजाकडं पाठ केली, शेवटचं पान फाडलं आणि मांडीखाली सारलं.

सारजा पोत्याच्या कडेला बसून एकेक चौकट बघू लागली. चितेपाशी तिचं बोट थांबलं. तिनं बापाकडं पाहिलं. मग जळत्या शिलेदारावर बोट टेकवलं आणि तेच बोट पुण्यामुंबईच्या सडकेकडं केलं.

हिंदुरावांनी होकाराची मान हलवली.

तिनं पान उलटलं. पुढं नुसता पुठ्ठा. फाटलेल्या कडेवरून तिचं बोट वरखाली फिरलं. तिनं रामहरीपुढं हात पसरला.

"देऊ नगा, तात्या," हिंदुराव म्हणाले.

हात तसाच पुढं होता. रामहरीनं थोडा वेळ दुसरीकडं पाहिलं. मग मांडीखालचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं.

सारजानं ते बराच वेळ बघितलं. साधू, राख, उभा राहिलेला शिलेदार, धावत येणारी बायको. मग तिनं मान वर करून बापाच्या तोंडाकडं पाहिलं. हिंदुरावांना तोंड फिरवायला जमलं नाही.

तिनं पानाची नीट घडी घातली आणि ती रामहरीला परत दिली. पुस्तक पदराखाली घेतलं आणि ती उठली.