पायातली दोरी

"आगा, बोट मागे फिरवा," रौशन दुसऱ्यांदा म्हणाली.

बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्या ओरिनबासारने ऐकलं, पण वेग कमी केला नाही. खाडीपलीकडच्या गावात आज तिच्या भाच्याचा सोहळा होता. पोर नुकतंच चालायला लागलं होतं. अशा पोराच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधतात आणि चपळ माणसाकडून ती कापून घेतात. कापणाऱ्याची चाल पोराला लागते. शाळेत असल्यापासून रौशनच्या पुढे कुणी धावलं नव्हतं, म्हणून भावाने तिलाच बोलावलं होतं. हिवाळ्यात बर्फावर पडून तिचा घोटा मोडला आणि चाल लंगडी झाली, हे तिने त्याला कळवलंच नव्हतं.

मला बरं नाही म्हणून सांगा, दोरी कापायची सुरी तेवढी पोचवा, असंही तिने सुचवून पाहिलं होतं.

"मग मीच कापतो की," म्हातारा म्हणाला होता. "पोर जन्मभर बसून राहील, माझ्यासारखं."

शेवटच्या खडकाळ बेटाजवळ त्याने इंजिन बंद केलं. आपलं ऐकलं, असं तिला वाटलं. पण तो खडकाकडे बघत होता. तिथल्या ओल्या दगडांपैकी एकाने मान वळवली.

सील होती. करडी, ठिपकेदार, मिशांवर पाण्याचे थेंब. नाकपुड्या मिटत आणि बऱ्याच वेळाने उघडत. एरवी बोटीची चाहूल लागली की सील पाण्यात जातात. ही गेली नाही. तिच्या मागच्या दोन्ही परांना नायलॉनच्या जाळ्याचा पीळ बसला होता आणि जाळ्याचं दुसरं टोक खडकाच्या फटीत अडकलं होतं.

ओरिनबासारने खिसे चाचपले. चाकू घरीच राहिला होता. मग त्याने रौशनच्या मांडीवरच्या, सुरी गुंडाळलेल्या रेशमी पुडक्याकडे पाहिलं.

"ती पोरासाठी आहे," रौशन म्हणाली.

तो कोट काढून पाण्यात उतरला, सीलच्या तोंडावर कोट टाकून वर आडवा पडला.

"आटप, पोरी. मला चावली तर घरी काय सांगू, कुणाच्या गळ्यात पडलो होतो?"

रौशन गुडघाभर पाण्यातून गेली. शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरेना, तेव्हा हातापायांवर रांगली. पीळ कातडीत रुतला होता. पात्याची धार वर धरून तिने एकेक धागा कापला. शेवटचा तुटला, तसा ओरिनबासारने कोट उचलला.

सील क्षणभर तशीच पडून राहिली. मग पोट फरफटवत, गचके खात, बेढबपणे कडेपर्यंत सरकली. पाण्यात शिरली आणि दुसरंच जनावर झाली. बोटीखालून एक काळी रेघ सर्रकन गेली. पार लांब डोकं वर आलं, श्वास घेतला, वळून पाहिलं आणि बुडालं.

बराच वेळ रौशन तिथेच बघत उभी राहिली.

बोटीत बसल्यावर तिने सुरी धुवायला हात पाण्यापर्यंत नेला. पात्याला त्या चपळ जनावराचे करडे केस चिकटले होते. तिने हात तसाच मागे घेतला आणि सुरी न धुता रेशमात गुंडाळली.

"जरा जोरात घ्या, आगा," ती म्हणाली. "पोराचे पाय बांधून बसले असतील."