तिसरी किक

पहिली किक वाया गेली.

"एक," किका मोजणारा वायरलेस मोठ्याने म्हणाला.

अध्यक्षांनी गुडघा चोळला. सभागृहाच्या आवारात चाळीसेक मोटरसायकली दोन रांगांत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक आपापल्या गाडीला टेकून अध्यक्षांकडे बघत होते. माजी सैनिकांच्या मोटरसायकल मेळाव्याचं हे तेविसावं वर्ष. दोन दिवस भाषणं झाली, चहा झाले, आजवर गेलेल्यांची नावं वाचून झाली. ती यादी आता हजर असलेल्यांच्या यादीला गाठत आली होती. उरली होती फक्त फेरी. दीडशे किलोमीटर जायचं, दीडशे यायचं. फेरीत कोण जाणार हे ठरायचं ते किकवर. बाकी सगळ्यांच्या किका मारून झाल्या होत्या, मानाप्रमाणे अध्यक्षांची शेवटी.

नियम साधा होता. बटण-बिटण चालणार नाही, प्रत्येकाने सगळ्यांसमोर किक मारायची. तीन किकांत इंजिन बोललं तर रांगेत. नाही बोललं तर चावी जमा करायची आणि मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये बसायचं, त्या वर्षी आणि पुढची सगळी वर्षं. "ज्याला स्वतःची गाडी सुरू करता येत नाही, तो रस्त्यात दुसऱ्याच्या गळ्यात पडतो," असं अध्यक्षांनी पहिल्याच मेळाव्यात ठणकावलं होतं. व्हॅनला 'पेन्शनची गाडी' हे नावही त्यांनीच ठेवलं. तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात माणसाला नियम फार सुचतात.

आठ वर्षांपूर्वी वायरलेसची गाडी चौथ्या किकला सुरू झाली होती. दोघं एकाच तुकडीतले. अध्यक्ष ट्रक चालवायचे आणि हा शेजारी बसून वायरलेस सांभाळायचा, म्हणून नावही तेच पडलं. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो, एका किकने काय होतंय! अध्यक्षांनी हात पुढे केला आणि चावी घेतली. तेव्हापासून वायरलेस पेन्शनच्या गाडीत. नुसतं बसून काय करायचं म्हणून किका मोजायचं काम त्याच्याकडे आलं.

"अहो, गुडघा बघा," बायको म्हणाली. ती हेल्मेट पोटाशी धरून उभी होती.

"बघतोय. जागेवरच आहे."

हशा पिकला. अध्यक्षांना स्वतःला हसू आलं नाही. ऑपरेशनला सात महिने झाले होते, दोन रात्री धड झोप नव्हती, आणि अंगात आता त्राण नव्हतं. पण त्या व्हॅनकडे बघायचंही त्यांनी दोन दिवस टाळलं होतं. फाटकाजवळ ती उभी होती. दार उघडंच.

त्यांनी दुसरी किक मारली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"दोन."

अध्यक्षांनी चोक ओढला आणि सगळं अंग त्या पायावर टाकलं. किक अर्ध्यातूनच उलटी बसली. कळ गुडघ्यातून थेट मस्तकात गेली. त्यांनी डोळे मिटले. झालं, संपलं.

"दोन," वायरलेस म्हणाला.

त्यांनी डोळे उघडले. वायरलेस फाटकाकडे बघत होता. पुढच्या रांगेतल्यांना अचानक आपापल्या आरशांवरची धूळ दिसायला लागली होती. अरे, चाळीस माणसं आणि एकालाही तीनपर्यंत मोजता येईना!

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. त्यांनी परत किक मारली.

"दोन."

आणखी एक.

"दोन."

सहाव्या किकला इंजिन लागलं. टाळ्या, शिट्ट्या, हॉर्न! "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघा!" कोणीतरी ओरडलं. बायको हेल्मेट घेऊन पुढे आली. अध्यक्ष सीटवर बसले आणि त्यांनी मूठ पिळली. आवाज छान होता, ठोका सरळ पडत होता. आता गिअर टाकायचा आणि निघायचं, बास. कोणी काही बोललं नसतं, आज नाही आणि पुढेही नाही.

त्यांनी वायरलेसकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. अगदी मनापासून.

अध्यक्षांनी चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या, मग त्याही थांबल्या.

"ही सहावी होती," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?" वायरलेस चिडला. "मोजायचं काम माझं आहे. गुमान बस गाडीवर."

"तुझी चौथी होती रे."

 अध्यक्ष कसेबसे उतरले आणि त्यांनी चावी वायरलेसच्या हातावर ठेवली. "आठ वर्षं झाली. तेव्हा मी..."

"राहू दे," वायरलेस म्हणाला. "दमलायस. चल."

त्याने अध्यक्षांचा दंड धरला. दोघं आवार ओलांडून व्हॅनपाशी गेले. तेवढ्याशा वाटेला बराच वेळ लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे एक बरं केलं. पायरी उंच होती. अध्यक्ष दुखरा पाय आत टाकून तसेच थांबले. मागे मोटरसायकली एकेक करून सुरू होत होत्या आणि व्हॅनच्या खिडकीवरून पुढे जात होत्या.

"कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

"कुठेही बस," वायरलेस मागून म्हणाला. "फक्त पहिल्या वर्षी खिडकीपाशी बसू नकोस."