तिसऱ्या मजल्यावरचा शिकारी कुत्रा

“कबूल,” अबू मुतलक म्हणाले, आणि उम्म नाएलच्या हातातली कॉफीची किटली हवेतच थांबली.

दिरांनी घरातला कुत्रा वाखाणला, म्हणून ती नुसतं रीतीचं बोलली होती. पाहुण्यानं काही वाखाणलं की “तुमचंच समजा” म्हणायचं, आणि पाहुण्यानं “ज्याचं त्याला शोभतं” म्हणून विषय संपवायचा. मफ्रक शहरात दिवसातून दहादा हे चालतं. पण अबू मुतलक तिचे थोरले दीर, जन्म तंबूत गेलेला. त्यांच्याकडे शब्द दिला म्हणजे वस्तू दिली. त्यांनी त्या कुत्र्याच्या, बर्कच्या, फासळ्या चाचपल्या, पाय उचलून पाहिले आणि खाली पिकअपमध्ये जागा आहे म्हणाले.

उम्म नाएल जराशी गडबडली, मग एकदम खूश झाली. “न्या भावजी, खुशाल न्या! सुनेचा जीव तरी सुटेल.”

सून म्हणजे हनादी. ती दारात उभी होती. दहा महिन्यांचा कुसय कडेवर, तीन वर्षांची तूलीन पायाला लटकलेली. बर्क ही तिच्या नवऱ्याची हौस. सलुकी जातीचा शिकारी कुत्रा, हरणामागे धावायला जन्मलेला, त्याला आणून ठेवला तिसऱ्या मजल्यावर. आणि नाएल स्वतः ट्रक घेऊन वीस-वीस दिवस अकबा बंदराच्या रस्त्यावर. तिथून फोन करायचा तो आधी विचारायचा, “बर्कला पळवलं का?” मग पोरांची चौकशी. मग वेळ उरला तर बायकोची.

बर्क सोफ्यावरून उड्या मारायचा. दुधाची बाटली चावून ठेवायचा. कुसय नुकताच धरून उभा राहायला लागला होता, त्याला शेपटीच्या एका फटक्यात बसवायचा. एकाचं पुसून होईतो दुसऱ्याचं सांडलेलं असायचं. हनादी दिवसातून तीनदा तरी म्हणायची, “कुणीतरी न्या रे याला!” सगळ्या जिन्यानं ते ऐकलेलं होतं.

आज कुणीतरी नेत होतं. तिला हलकं वाटलं. खरंच वाटलं.

“आता बघ कशी निवांत होशील,” सासूनं तिच्या हातात कॉफीचा पेला दिला. “रोज चार वाजले की माझ्या अंगावर पोरं टाकून त्या कुत्र्यामागं माळावर धावायचं. नाएलचा हुकूम, म्हणून मीही गप्प बसायचे. संपलं ते. आता चारलाही घरात, पाचलाही घरात. आराम कर.”

हनादीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. खिडकीला जाळी होती, पोरं पडू नयेत म्हणून. तिनं उद्याचा दिवस मनात धरून पाहिला. मग परवाचा. तिला धाप लागली.

अबू मुतलकांनी दोरी मागितली.

हनादीनं कुसयला खाली ठेवलं. पुढे आली आणि हातातला पेला, एक घोटही न घेता, म्हाताऱ्याच्या समोर गालिच्यावर ठेवला.

मागणं असलं की असा भरला पेला समोर ठेवतात, आणि मागणं मान्य होईपर्यंत पीत नाहीत. पण हे पुरुषांचं काम. सोयरिकी जुळवताना, खुनाची वैरं मिटवताना. बाईनं, तेही कुत्र्यासाठी, असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“वेडी झालीस का गं?” सासू ओरडली. “लाज आण जरा!”

“थांब,” अबू मुतलक म्हणाले. “माग, पोरी.”

“बर्कला नेऊ नका, काका.”

“अगं, रोज तूच तर त्याच्या नावानं रडतेस ना!” सासूला काही केल्या उमजेना.

“रडते, आत्या,” हनादी म्हणाली. “पण तो गेला तर मला बाहेर कोण नेणार?”

सासूनं हातातली किटली खाली ठेवली.

अबू मुतलकांनी पेला उचलून हनादीच्या हातात दिला. ती प्यायल्यावरच ते काठी टेकून उठले.

“शब्द मिळाला, कुत्रा माझा झाला,” ते भावजयीला म्हणाले. “पण राहील इथंच. आणि ऐकून ठेव, नाएलच्या आई, माझ्या कुत्र्याला माळावर एक तास पुरत नाही. दोन लागतात.”